युरिकेज नसलेला मामा

आमच्याकडे लग्नात मुलीला उचलायचं काम मामाचं. अंतरपाट दूर झाला की मुलाकडची टवाळ पोरं नवऱ्याला वर उचलून धरतात, नवरीचा हात काही केल्या त्याच्या गळ्यापर्यंत पोचू नये म्हणून. मग मांडवभर एकच ओरडा होतो, ‘मामा, उचला!’ त्या क्षणी मामाने भाचीला असं वर न्यायचं की मुलाकडच्यांनी माना वर करून बघत राहावं. हे शास्त्रात कुठे लिहिलंय, असं विचारणाऱ्या भटजींना आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांनी आजवर भीक घातलेली नाही. माझ्या मामाने माझ्या बहिणीला उचललं तेव्हा तिच्या मुंडावळ्या मांडवाच्या झालरीत गुंतल्या आणि त्या सोडवायला शिडी आणावी लागली. मी तिथे होतो. शिडी मीच धरली होती.

त्यामुळे भाचीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मुलगा कोण, कुठला, हे विचारायच्या आधी मी आरशासमोर जाऊन माझे दंड बघितले. ठीक होते. साठीच्या माणसाचे असतात त्याहून बरेच होते. बायकोचं मत वेगळं आहे, पण तिला दंडांतलं काही कळत नाही.

आम्ही तीन भावंडं. मी थोरला, मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहतो. मधली बहीण भाईंदरला, नवघरात, तिचीच ही मुलगी. धाकटा भाऊ पुण्याला, आणि तिथली हवा लागून तो व्यायाम करायला लागलाय. भाची लहान असताना बहीण नोकरीला जायची, म्हणून पोर दिवसभर आमच्याकडे. माझी तेव्हा पहाटेची पाळी असे, दुपारी शाळेतून तिला आणायचं काम माझं. शाळेच्या फाटकापासून दहा पावलं झाली नाहीत तोच ती म्हणायची, पाय दुखतात. त्या पायांना काही झालेलं नसायचं हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिला खांद्यावर घ्यायचो. वरून ती मला रस्ता सांगायची, डावीकडे, उजवीकडे, जणू मी मीरा रोडला आजच उतरलोय. एकदा तिथूनच तिने विचारलं होतं, माझ्या लग्नात पण तूच उचलणार ना? मी म्हटलं, मी नाही तर कोण? आता असल्या शब्दाला मुदत नसते. तो दिला की दिला.

पण लग्नाआधी केळवणं आली.

केळवण नवरीचं असतं, पण नवरीला एकटीला कुणी पाठवत नाही, सोबत वडीलधारं लागतं. बहिणीला रजा नव्हती. भावोजींचं पोट इतकं नाजूक की त्यांना दुसऱ्याच्या घरचं नुसतं पाणी बाधतं. म्हणजे उरलो मी. आणि भाचीची पंचाईत अशी की तिने लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकले होते, माप देऊन झालं होतं, आता एक सूतभर वाढायची सोय नव्हती. केळवणाला नवरीसमोर रांगोळी काढून भरलेलं ताट ठेवतात, आणि त्यात टाकलं तर घरच्या बाईचा अपमान. यावर आम्ही तोडगा काढला. ती घासभर चिवडायची, यजमानीण पोळीसाठी आत वळली की ताटं सरकायची. तिचं माझ्यापुढे, माझं रिकामं तिच्यापुढे. यजमानीण बाहेर येऊन म्हणायची, बघा, कशी जेवते पोर, अंगाला लागत नाही एवढंच.

असा मी त्या दिवसांत प्रत्येक घरी दोन माणसांचं जेवत होतो. नवघरच्या शेजाऱ्यांकडे वडे आणि कलेजी. विरारच्या आत्तेबहिणीकडे तिसऱ्यांचं कालवण, तेही एवढं की नंतर शिंपल्यांचा ढीग बघून मला वाटलं आम्ही समुद्र आटवलाय. उत्तनला बहिणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे तर अंगणातच बोंबील वाळत होते, आणि घरातल्या म्हाताऱ्या आजीने सुका जवळा, कोळंबी आणि बोंबील असं सगळं एका पानात वाढलं. मी शिष्टाचार म्हणून नको म्हटलं. आजी माझ्याकडे बघत म्हणाली, “खा रं बाबा, लाजाचं न्हाय. हाय तं तुमच्यासाठीच हाय.” यावर नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

उत्तनच्या केळवणानंतरचा रविवार. दुपारी जेवून मी पडलो होतो. चहाच्या वेळेला जाग आली ती पायाच्या अंगठ्याने. उजव्या पायाचा. काय सांगू? कुणीतरी तो काढून निखाऱ्यावर भाजलाय, वर लिंबू पिळलंय आणि पुन्हा पायाला लावलाय, असं. अंगावरची चादर टोचत होती. पंखा एकवर होता, त्याचा वारा करवतीसारखा लागत होता. एवढ्यात एक डास आला आणि नेमका त्या अंगठ्यावर बसला. मी जो ओरडलो तो ऐकून आमच्या सोसायटीची सगळी कबुतरं उडाली, ती खाडी ओलांडून नायगावला जाऊन बसली, आणि अजून परत आलेली नाहीत. वर्षानुवर्षं जाळ्या बसवून जे जमलं नव्हतं ते माझ्या अंगठ्याने एका झटक्यात केलं. सोसायटीने साधे आभारही मानले नाहीत.

आमच्या इमारतीखालीच दवाखाना आहे. डॉक्टर तरुण आहे, रिपोर्ट हातात घेतला की आधी स्वतःशी हसतो. त्याने सांगितलं, युरिक ॲसिड. संधिवाताचा एक प्रकार, गाउट म्हणतात. मग त्याने काय काय बंद ते सांगायला सुरुवात केली. कलेजी बंद, शिंपले बंद, जवळा बंद, बोंबील बंद. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं हा गृहस्थ सगळ्या केळवणांना पडद्यामागे बसलेला असणार.

“काका, तुम्ही हे सगळं खाल्लंत कशाला?”

“केळवणं होती.”

“तुमची?”

“भाचीची.”

“मग तिला खाऊ द्यायचं होतं,” तो म्हणाला, आणि आधी सूज उतरवायच्या गोळ्या लिहून दिल्या.

घरी बायकोने ताबडतोब स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तो तिच्याकडेच होता म्हणा, पण आता तिने तो लष्करी पद्धतीने घेतला. दुधी आला. दुधीची भाजी, दुधीची कोशिंबीर, दुधीचा रस. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाने एकेक उपाय आणून दिला. कुणी म्हणालं ओवा चाव, कुणी म्हणालं सफरचंदाचं व्हिनेगर पी, एका बाईंनी अंगठ्याला कोबीचं पान बांधायला सांगितलं. ते मी बांधलं. पान वाफवून निघालं.

दोन दिवसांनी भाची आली. ती औषधांच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते आणि तिचं सगळं काम एन्झाइमांचं. तिने माझा पाय बघितला आणि रडवेली झाली, कारण ताटं सरकवण्यात तिचाही हात होता. मी म्हटलं, रडू नकोस, हे मला झालंच कसं ते सांग. एवढं खाऊन बाकीच्यांना काही होत नाही. उत्तनची आजी जन्मभर खातेय आणि टुणटुणीत आहे.

मग तिने मला जसं समजावलं, तसं डॉक्टरांना एमबीबीएसला कुणी समजावलं नसेल. शरीरातल्या पेशी जुन्या होऊन मोडतात, मासळी-मटणातल्या पेशी आपण वरून खातो, आणि त्या सगळ्यांतून प्युरीन नावाचा माल निघतो. त्यात नायट्रोजन असतो, तो बाहेर काढावाच लागतो. मोडता मोडता त्या मालाचं शेवटी युरिक ॲसिड होतं, आणि ते पाण्यात विरघळायला महा आळशी. बहुतेक जनावरांच्या यकृतात युरिकेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते या युरिक ॲसिडला पकडून आणखी एक पायरी पुढे ढकलतं, त्याचं अ‍ॅलन्टॉइन करतं. अ‍ॅलन्टॉइन पाण्यात झकास विरघळतं आणि निमूट लघवीवाटे निघून जातं. काम संपलं.

“आणि माणसाचं?”

“माणसाकडे ते एन्झाइम नाहीच. आपला कारखाना युरिक ॲसिडला बंद पडतो. बहुतेकांच्या किडन्या ते कसंबसं बाहेर काढतात. तुझ्या मागे पडल्या. आपली भाईंदरची मिठागरं आठव, मामा. पाण्यात मीठ मावेनासं झालं की ते वाफ्यात खाली बसतं, खडे होतात. पायाचा अंगठा सगळ्यात थंड, कडेचा वाफा. तुझं मीठ तिथे बसलंय. सुईसारखे खडे असतात ते.”

मी विचारलं, हे एन्झाइम कुणाकुणाकडे आहे? कुत्र्याकडे आहे, म्हणाली. मांजर, बकरी, उंदीर. डुकराकडे आहे. माकडाकडेही आहे. सस्तन प्राण्यांत बिनशेपटीची मोठी वानरं आणि आपण, एवढ्यांकडे नाही. कोटभर वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही आधी आपल्या कुठल्यातरी पूर्वजात ते बनवणारा जीन बिघडला. जीन अजून आपल्यात आहे, पण मोडका, नुसता पडून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगठ्याची आधीच तिथे होती. म्हणजे गटारातल्या उंदराने काहीही खावं आणि ताठ चालावं, आणि मी, मतदान करणारा, पाणीपट्टी वेळेवर भरणारा माणूस, मी लंगडायचं? कुठला तो वानर, ज्याच्या हातून हे हरवलं? एवढी मोलाची वस्तू हरवली आणि कुणी शोधायलाही गेलं नाही? भाची म्हणाली, काहींच्या मते ते गेल्यामुळे फायदाही झाला असेल. फळांतली साखर चरबी म्हणून साठवता आली, उपासमारीत तग धरता आला. पण नक्की कुणालाच माहीत नाही. एवढं बोलून तिने माझ्या पोटाकडे बघितलं. मी म्हटलं, माझी उपासमार आत्ता चालू आहे, दुधीवर. ते एन्झाइम विकत मिळत असेल तर आण. तर म्हणाली, औषध म्हणून आहे, सुईवाटे देतात, पण फार गंभीर माणसांना.

“मग मला दे.”

“तू गंभीर नाहीस मामा, तू खादाड आहेस.”

त्या दिवसापासून मी प्रत्येक जनावराकडे संशयाने बघायला लागलो. सूज जरा उतरल्यावर खाली पार्किंगमधल्या बाकावर जाऊन बसायचो. मांजर समोरून गेलं तरी म्हणायचो, जा, जा, तुला काय. आमच्या विंगमधल्या एका गुजराती गृहस्थांकडे पांढरा, काळ्या ठिपक्यांचा मोठा कुत्रा आहे. त्याला ते संध्याकाळी फिरवायला आणतात. मी त्यांना म्हटलं, तुम्हारा कुत्ता नसीबवान है, उसको कभी युरिक नहीं होगा. त्यांनी पट्टा आवळून कुत्र्याला थांबवलं. मग शेजारी बसले आणि म्हणाले, “इसको भी वही है, भाऊ. युरिक. पथरी हो गई थी, ऑपरेशन किया.”

मी तिथूनच भाचीला फोन लावला. ती म्हणाली, खरं आहे. ही ठिपक्यांची जात कुत्र्यांत अपवाद. एन्झाइम आहे, यकृतात चोख बसलेलंय, पण युरिक ॲसिडला त्याच्यापर्यंत जायचा दरवाजाच बिघडलेला. मी कुत्र्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कामगार नाही, याच्याकडे कामगार आहे पण फाटक उघडत नाही. त्याच्या मालकांनी सांगितलं की त्याला पशुवैद्याने दहीभातावर ठेवलंय. मी म्हटलं, मलाही. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघे त्या बाकाशी एकत्र बसत होतो. जगात मला समजून घेणारा तेवढा एकच प्राणी होता.

इकडे घरात कट शिजत होता. लग्नाला जेमतेम महिना उरला तेव्हा बहीण आमच्याकडे आली आणि तिने पुण्याच्या भावाला व्हिडिओ कॉल लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. बरोबर तीन भावंडं जमल्यावर तिने निकाल सांगितला. मांडवात मुलीच्या मागे धाकटा मामा उभा राहील. उचलायचं तर तोच उचलेल. पडद्यावरचा धाकटा नम्रपणे मान हलवत होता. अंगात बिनबाह्यांचा बनियन होता. मुद्दाम.

“दादा, हट्ट करू नकोस,” बहीण म्हणाली. “तू पहिल्या रांगेत बस. मोठी खुर्ची ठेवते, मानाने.”

“मानाने खुर्चीत बसवतात ते प्रमुख पाहुण्याला. मी मामा आहे. मी उभा राहणार.”

“आणि पडलास तर?”

“पडलो तर उभ्यानेच पडेन.”

यावर धाकटा हसला, म्हणून मी साखरेचा डबा आत ठेवून दिला, फोनसकट.

आता आयुष्यात मी स्वतःहून कधी कुणाचं पथ्य पाळलेलं नाही. पाळायचं ते घाबरट माणसांनी. पण त्या दिवसापासून मी पथ्य पाळलं ते बंड म्हणून. त्या बेजबाबदार वानराला, डॉक्टरला, आणि पुण्याच्या बनियनला दाखवायचं म्हणून. दुधी मी दात-ओठ खाऊन खाल्ला. पाणी एवढं प्यायलो की आमच्या विंगची टाकी एक दिवस दुपारीच संपली, सेक्रेटरीने नोटीस लावली. उरलेल्या केळवणांना मी घरून डबा घेऊन गेलो. याची बदनामी तुम्हाला कळणार नाही. कोकणातल्या माणसाच्या घरी, केळवणाच्या पंगतीत, समोर भरलेलं पापलेट असताना मी पिशवीतून डबा काढला आणि दुधी खाल्ला. घरच्या बाई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. भाचीला पहिल्यांदाच आपलं ताट आपण खावं लागलं, आणि शेवटी ते ब्लाउज उसवून घ्यावे लागले ते लागलेच.

सरावही चालू होता. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन येतो, तो मी छातीशी धरून हॉलमधून गॅलरीपर्यंत न्यायचो आणि तिथे वर उचलायचो. भाचीचं वजन कॅनच्या दुप्पट-तिप्पट असणार, पण माया त्यात धरली तर हिशेब जुळत होता. बायकोने एकदा बघितलं आणि कॅन घेणंच बंद केलं, माठ आणला. माठ उचलण्यात काही अर्थ नसतो. फुटतो.

मधल्या काळात डॉक्टरने युरिक ॲसिड कमी करायची रोजची गोळी सुरू केली होती. त्याने बजावलं होतं की सुरुवातीला जुने खडे विरघळायला लागले की अंगठा उलटा उसळू शकतो, तेव्हा घाबरून गोळी सोडायची नाही, सोबत सुजेच्या गोळ्या चालू ठेवायच्या. मी हसलो होतो. माझा अंगठा एव्हाना असा झाला होता की त्यावर फुलपाखराने बसावं.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी तो उसळला.

इतके दिवस दुधी खाऊन. एक बोंबील तोंडात न घालता. दात घासताना आधी बारीक ठणका आला, मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आंघोळ होईपर्यंत त्याचा टोमॅटो झाला. सुजेची गोळी घेतली. भाईंदर पूर्वेच्या हॉलवर पोचेपर्यंत टोमॅटोत जीव आला होता. मी लंगडत नाही असं चालत होतो, म्हणजे दोन्ही पायांनी सारखंच वाकडं, की फरक दिसू नये. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नवी चप्पल चावते. ती म्हणाली, अहो, तुम्ही अनवाणी आहात.

पण तोवर भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. धाकटा त्याच्या नव्या कुर्त्यात पुढे सरसावला. मी त्याच्याआधी पोचलो. कसा ते मला विचारू नका, त्या दिवशी माझ्याबरोबर वाघ पळाला असता तर मागे पडला असता. गौरीहरापाशी भाची बसली होती, पिवळ्या साडीत, डोक्यावरून शेला. मी हात पुढे केला. ती उठली, तिने माझा हात धरला, एक पाऊल टाकलं आणि तिला कळलं.

“दुखतंय?” तिने विचारलं.

“लग्न तुझं आहे. पुढे बघ.”

तिने हात सोडून माझ्या कोपराखाली घातला आणि घट्ट धरला. सगळा हॉल कौतुकाने बघत होता की मामा भाचीला किती सांभाळून नेतोय.

अंतरपाट धरला गेला. मामाने भाचीच्या मागे उभं राहायचं, खांद्यांवर हात ठेवून. मी ठेवले. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तुम्हाला माहीत असेलच, भटजींची संपली की नातेवाइकांची निघतात. मुलाच्या आत्याने स्वतः रचलेलं आणलं होतं, त्यात त्यांच्या कुळातला प्रत्येक माणूस, त्याचं शिक्षण आणि हल्लीची कंपनी गुंफलेली होती. मग एक काकू उठल्या, त्यांना कडवं आठवेना, त्यांनी मोबाइल शोधला, मग चष्मा शोधला. प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता उडत होत्या, आणि मी शपथेवर सांगतो, त्यातला प्रत्येक तांदूळ नेम धरून माझ्या अंगठ्यावर पडत होता. माझा उजवा पाय मी हळूच उचलला. सगळा भार डाव्यावर, आणि उरलेला भाचीच्या खांद्यांवर. ती पोर इंचभर हलली नाही. शेल्याखाली तिची मान ताठ होती.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यांना मागून काहीतरी थंड टेकलं. धाकट्याने स्टीलची खुर्ची आणून मागे लावली होती. तो हळूच म्हणाला, दादा, बस, कुणाला दिसणार नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी ती खुर्ची मला इंद्राच्या सिंहासनासारखी वाटली.

भाचीने मागे वळून बघितलं नाही. नवरीने बघायचं नसतं. ती समोर अंतरपाटावरच्या स्वस्तिकाशी बोलल्यासारखी म्हणाली, “धाकट्या मामा, ती खुर्ची घेऊन जा. मामा उभा आहे.”

खुर्ची गेली.

शेवटचं सावधान झालं, अंतरपाट निघाला, ताशा कडाडला. आणि अपेक्षेप्रमाणे मुलाकडची पोरं पुढे घुसली, त्यांनी नवऱ्याला मांड्यांना धरून वर उचललं. मुलगा मुळातच उंच, तो पार छताच्या दिव्यांत गेला. हॉलभर ओरडा सुरू झाला, मामा, उचला, मामा, उचला. आमच्याकडचे रत्नागिरीचे लोक तर खुर्च्यांवर चढले. धाकटा बाजूने बाह्या सारत पुढे आला.

मी पुढे झालो. दोन्ही पाय जमिनीला टेकवले, ते कसे टेकवले ते माझं मला माहीत, आणि तिच्या कमरेला हात घालायला वाकलो. तिने माझा हात धरून खाली ठेवला. दुसरा हात तिने धाकट्यापुढे आडवा केला. हार दंडावर लटकत होता. मग ती वर बघून बोलली. ताशेवाल्यांनीही काठ्या थांबवल्या म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

“मामा उचलणार नाही. आणि दुसऱ्या कुणी मला हात लावायचा नाही. ज्याला हार घालून घ्यायचाय त्याने खाली यायचं.”

मुलाच्या आत्याच्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या. भटजी घड्याळाकडे बघत पुटपुटले की मुहूर्त टळतोय. पोरं नवऱ्याला तसंच वर धरून होती, त्यांना यावर काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. एक जण म्हणाला, वहिनी, गंमत असते. ती नुसती उभी राहिली, हार धरून. तिला घाई नव्हती. आमच्या घराण्यातली पोर आहे, ती संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती आणि मीही राहिलो असतो.

दिव्यांतून नवऱ्याचा आवाज आला. “उतरवा रे मला.”

त्यांनी उतरवला. तो तिच्यासमोर आला, माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि कमरेत वाकला. तिने हार घातला. मुलगा चांगला आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

आता लग्नाला काही महिने झालेत. गोष्टी गावोगाव जातात तेव्हा वाटेत थोड्या वाढतात, त्याला मी काय करणार? रत्नागिरीला हल्ली असं बोललं जातं की थोरल्या मामाने भाचीला एका हाताने उचललं, आणि नवरा घाबरून खाली उतरला. विरारच्या आत्तेबहिणीने तर ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, ती त्या दिवशी तापाने घरी होती तरी. मी कुणाला काही सांगायला गेलेलो नाही. विचारलं तर नाही म्हणत नाही, एवढंच.

धाकट्याला मात्र हे सहन होत नाही. परवा गणपतीला सगळे बहिणीकडे जमले असताना त्याने सगळ्यांसमोर विषय काढला. त्याच्याकडे व्हिडिओ आहे म्हणाला. व्हिडिओत दादा नुसता उभा आहे, उचललं कुठे? त्याने मोबाइल काढून भाचीपुढे धरला आणि म्हणाला, तूच सांग सगळ्यांना, उचललं होतं का?

ती मोदकाची पारी वळत होती. तिने मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही.

“उचललं होतं की,” ती म्हणाली. “वर मी होते, मला माहीत नसेल?”